कुणाची पोळी? इन्शुलिन सुरू झाल्यावर कार्ब मोजायला शिकताना

आहारतज्ज्ञांनी हातात दिलेल्या छापील तक्त्याची पहिलीच ओळ होती: एक पोळी, १५ ग्रॅम कार्ब (म्हणजे कर्बोदकं, जेवणानंतर शुगर चढते ती मुख्यतः यांनीच). मी इमानेइतबारे तीन पोळ्यांचे ४५ ग्रॅम धरले, तेवढ्याचं इन्शुलिन घेतलं आणि दोन तासांनी मीटरवर २६० बघून चक्रावले. चार दिवस हाच प्रकार. पाचव्या दिवशी सासूबाई कणीक मळायला बसल्या तेव्हा मी वजनकाटा घेऊन शेजारी बसले. पीठ ५०० ग्रॅम, पोळ्या झाल्या १२. म्हणजे एका पोळीत जवळजवळ ४२ ग्रॅम पीठ आणि २७ ग्रॅम कार्ब. तीन पोळ्यांचे ८१! तक्त्यातली पोळी फुलक्याएवढी असावी. आमच्याकडे तसली पोळी कुणी लाटतच नाही. मी रोज दुपारी तीन युनिटं कमी घेत होते आणि दोष शरीराला देत होते.

नव्याने इन्शुलिन सुरू झालेल्या माणसाला मी म्हणूनच आधी एवढंच सांगते, की तक्ता जवळ ठेवा, पण मोजायचं आहे ते आपल्या घरचं.

मोजण्याआधी: तुमचं इन्शुलिन कोणतं?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण कार्ब मोजून डोस ठरवण्याची पद्धत सगळ्यांसाठी नाही.

काहींना फक्त रात्रीचं एकच, लांब पल्ल्याचं इन्शुलिन असतं (ग्लार्जिन, डेग्लुडेक वगैरे). त्याला बेसल म्हणतात. ते जेवणासाठी नसतंच, त्यामुळे पोळी जास्त खाल्ली म्हणून ते वाढवायचं नाही. काहींना मिश्र इन्शुलिन असतं, ज्यावर ३०/७० असं काही लिहिलेलं असतं. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेला डोस. अशांनी कार्ब जरूर मोजावेत, पण हेतू उलटा ठेवावा: डोस तोच राहणार, म्हणून रोज त्या त्या जेवणातले कार्ब आणि जेवणाची वेळ साधारण तीच ठेवायची. ताटात बदल झाला म्हणून मिश्र इन्शुलिन मनाने कमीजास्त करणं धोक्याचं आहे.

तिसरा प्रकार म्हणजे एक बेसल आणि शिवाय प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं इन्शुलिन, जसं लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन, किंवा त्यांच्याहून सावकाश चालणारं जुनं साधं रेग्युलर. या जेवणाच्या डोसला बोलस म्हणतात. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांना बहुधा हेच असतं, टाइप २ असलेल्या काहींनाही. खालचं सगळं गणित या लोकांसाठी आहे.

आणखी एक, गणितापेक्षाही महत्त्वाचं. तुम्ही इन्शुलिनचं पेन न वापरता बाटली आणि सिरिंज वापरत असाल, तर दोन्हींवरचा आकडा एकच आहे ना, ते बघा. आपल्याकडे बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० च्याही. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. ४० ची सिरिंज १०० च्या बाटलीत घातली तर अडीचपट इन्शुलिन अंगात जाईल. औषधवाल्याने घाईत काहीही दिलं तरी घरी येऊन वाचायचं.

काय मोजायचं, काय सोडायचं

धान्य, डाळी, कडधान्यं, बटाटा-रताळं, साबुदाणा, फळं, दूध-दही, साखर-गूळ-मध. यात कार्ब आहेत, हे मोजायचं. अंडं, मासे, चिकन, मटण, तेल, तूप यात जवळपास नसतात. पालेभाज्या, काकडी, दुधी, दोडका यांचे मी धरत नाही, वाटीभर खाल्ले तरी फरक किरकोळ असतो. पण पालेभाजीला डाळीचं पीठ लावलं असेल तर ते मोजावं लागतं, आणि सुरमईचा तुकडा रव्यात घोळवला असेल तर तो रवासुद्धा.

“गुळाचा चहा चालतो”, “मधाने शुगर वाढत नाही”, “ज्वारीच्या भाकरीला इन्शुलिन लागत नाही” ही वाक्यं तुम्हाला पहिल्या महिन्यात किमान दहा जण ऐकवतील. सांगणाऱ्याला हो म्हणा आणि मोजा. १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. ज्वारीच्या पिठात ६८ आणि गव्हाच्या पिठात ६४! ज्वारीत चांगलं बरंच आहे, पण एका भाकरीला पीठही पोळीपेक्षा खूप जास्त लागतं. ६० ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी म्हणजे ४० ग्रॅम कार्ब.

हे आकडे आले कुठून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, मी त्यांवर चालते. त्यात कार्बोहायड्रेटचा आकडा तंतू (फायबर) बाजूला काढूनच दिलेला आहे. परदेशी ॲप पुष्कळदा तंतूंसकट आकडा दाखवतात, त्यामुळे तिथे गव्हाचं पीठ ७२ वगैरे दिसतं. दोन्हींची सरमिसळ करू नका, आणि आपल्या तक्त्यातल्या आकड्यातून पुन्हा तंतू वजा करू नका. पहिल्या महिन्यात मी हे केलं होतं. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

पहिला आठवडा: नुसतं लिहा

या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलेला डोस तसाच घ्या. एक वही करा. जेवणाआधीची शुगर, काय खाल्लं, किती इन्शुलिन, किती वाजता, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर. एवढंच. “भात थोडा” असं लिहू नका, थोडा म्हणजे किती ते काट्याला विचारा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ताट ठेवून शून्य करता येतं, मग भात वाढा, वाचा, पुन्हा शून्य करा, वरण वाढा. दोन मिनिटांचं काम आहे. घरचे पहिले तीन दिवस हसतात.

दुसरा आठवडा: आपल्या घरचं माप बांधा

पोळीचं वर सांगितलंच. तयार पोळीचं वजन करण्यात अर्थ नाही, कारण त्यात पाणी किती उरलं ते तव्यावर अवलंबून. सुकं पीठ मोजा (लाटताना लावायचं पीठही त्यात धरा), त्याला ०.६४ ने गुणा, पोळ्यांच्या संख्येने भागा. आता आमच्याकडे त्याच अर्ध्या किलोच्या १८ पोळ्या होतात, एक १८ ग्रॅमची. सासूबाईंना त्या लहान पोळ्या अजून “बाहुलीच्या” वाटतात.

भाताची युक्ती वेगळी. कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला ७८ कार्ब, पण ताटात तर शिजलेला भात येतो. म्हणून भांडं तोलायचं. समजा २०० ग्रॅम तांदूळ घातले, म्हणजे अख्ख्या भांड्यात १५६ ग्रॅम कार्ब. शिजल्यावर भात भरला ५६० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम भाताला २८. आमच्या घरचा भात मोकळा असतो. तुमच्याकडे गुरगुट्या होत असेल तर हाच आकडा २० च्याही खाली येईल. खिचडी, पुलाव, सांबार, उसळ, शिरा, सगळ्याला हीच रीत: कच्च्या जिनसांचे कार्ब एकत्र मांडायचे, शिजलेल्या पदार्थाच्या वजनाने भागायचे, मग आपल्या वाट्याला आलेलं वजन गुणायचं.

यात अडचण एकच येते, गरम पातेल्याचं वजन वजा कसं करणार? पूर्वी भांड्यांवर नावं घालून घ्यायचे, “चि. सौ. कां. अमुक हिस सप्रेम भेट”. मी रोजच्या पाच भांड्यांच्या बुडाजवळ पक्क्या पेनाने त्यांची रिकामी वजनं घातली आहेत. कुकरमधलं ॲल्युमिनियमचं भांडं २१०, वरणाचं स्टीलचं ३४५. घासून पुसट झालं की पुन्हा लिहायचं.

दोन आठवड्यांत तुमच्याकडे दहा-बारा आकडे जमतील आणि रोजच्या स्वयंपाकाचा बहुतेक भाग त्यात येऊन जाईल. माझ्या फ्रिजवर चिकटवलेली यादी अशी आहे:

– पोळी (आमची, नवी): १८
– ज्वारीची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची: ४०
– भात १०० ग्रॅम: २८
– वरण एक वाटी, पातळ: १०
– पोहे, ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे: ४६ (बटाटा घातला तर वेगळा)
– उपमा, ५० ग्रॅम रव्याचा: ३४
– दूध २०० मिली: १०
– साखर एक सपाट चमचा, ५ ग्रॅम: ५
– केळं, सोललेलं १०० ग्रॅम: २३

ही यादी उतरवून घेऊ नका. तुमची वाटी वेगळी, तुमचा डाव वेगळा.

पाकिटातल्या पदार्थांचं सोपं असतं, मागे छापलेलं असतं. फक्त आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा ते बघा. “साखर नाही” असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बिस्किटातही मैदा असतोच, म्हणून साखरेची ओळ सोडून एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा. काही आहारतज्ज्ञ ग्रॅमऐवजी “एक्स्चेंज” सांगतात. एक एक्स्चेंज म्हणजे साधारण १५ ग्रॅम. हिशेब तोच, नाणं मोठं.

तिसरा आठवडा: गणित

आता डॉक्टरांकडून दोन आकडे घ्यायचे. एक, किती ग्रॅम कार्बला एक युनिट. दुसरा, एका युनिटने तुमची शुगर साधारण किती उतरते. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि एकाच माणसाचे सकाळ-संध्याकाळ वेगळे असू शकतात. डॉक्टर ज्या ढोबळ सूत्राने सुरुवात करतात ते माहीत असायला हरकत नाही: दिवसभराच्या एकूण युनिटांनी (बेसल धरून) ५०० ला भागलं की पहिला आकडा, १८०० ला भागलं की दुसरा. दिवसाला ४० युनिटं लागत असतील तर १२.५ ग्रॅमला एक युनिट आणि एका युनिटने ४५ चा उतार. सूत्र झटपट इन्शुलिनसाठीचं आहे, आणि ती नुसती सुरुवात असते. शेजारच्या काकांचा आकडा तुम्हाला चालणार नाही आणि या लेखातला तर नाहीच.

माझं कालचं दुपारचं ताट. दोन पोळ्या ३६, भात ८० ग्रॅम म्हणजे २२, वरण १०, दोडक्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर शून्य धरली. बेरीज ६८. माझं दुपारचं प्रमाण १२ ला एक, म्हणून ६८ भागिले १२, ५.७ युनिटं. जेवणाआधी शुगर होती १९०, मला सांगितलेलं लक्ष्य १२०. जास्तीचे ७० भागिले ४५, म्हणजे दीड युनिट. एकूण ७.२, पेनवर ७.

आकडा अर्ध्यावर अडकला की मी खाली उतरते. शुगर थोडी वर राहिली तर दुपारी कळेल आणि निस्तरता येईल. लो झाली (७० च्या खाली गेली) तर ती कुठे गाठेल सांगता येत नाही.

दोन तासांनी मीटरवर २१० दिसले की लगेच आणखी दोन युनिटं ठोकायचा मोह होतो. थांबा. झटपट इन्शुलिन साधारण चार तास काम करतं, दोन तासांनी आधीच्या डोसचा बराच भाग अजून अंगात आहे. त्यावर दुसरा चढवला की दोन्ही मिळून संध्याकाळी पाचला तुम्हाला खाली ओढतात. पुढच्या जेवणापर्यंत धीर धरणं हे शिकायला मला गणितापेक्षा जास्त दिवस लागले.

वेळ, आणि गणपतीची आरती

झटपट इन्शुलिन जेवणाआधी १० ते १५ मिनिटं, रेग्युलर असेल तर अर्धा तास. पुस्तकात हे सोपं दिसतं.

पहिल्या वर्षी गणपतीत दुपारी मी मोदकांसकट हिशेब केला, नऊ युनिटं घेतली आणि हात धुवून आले. तेवढ्यात चुलत सासरे आले. मग आरती पुन्हा सुरू. सुखकर्ता, मग देवीची, मग शंकराची, मग कुणाला तरी दशावताराची आठवली. मंत्रपुष्पांजलीपर्यंत माझे हात थरथरायला लागले होते, पाठ घामाने भिजली होती, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी खायचं कसं म्हणून मी गप्प उभी होते. शेवटी जाऊबाईंनी चेहरा बघून मला स्वयंपाकघरात ओढलं. मीटरवर ५२.

तेव्हापासून नियम असा: पान वाढलेलं समोर दिसलं की पेन. लग्नात, सत्यनारायणाला, हॉटेलात तर नक्कीच. दहा मिनिटं उशीर झाल्याने थोडी शुगर चढेल, ती परवडते. जेवण किती जाणार याचीच खात्री नसेल (लहान मुलं, आजारपण, मळमळ), तर पहिल्या घासाबरोबर किंवा जेवण झाल्यावर लगेच घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, आणि घरच्यांना आधी दिसणारी चिडचिड. मीटर हाताशी नसेल तर लो आहे असं धरूनच चाला. १५ ग्रॅम ग्लुकोज: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर एखादं बिस्किट, अर्धी पोळी. या साखरेसाठी इन्शुलिन घ्यायचं नाही.

पेढा, लाडू, चॉकलेट यासाठी निकामी. त्यातल्या तुपा-मव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माझ्या पर्समध्ये, गाडीत आणि उशाशी ग्लुकोजची पुडी असते.

घरच्यांना मात्र एक गोष्ट आजच सांगा: माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात साखर, पाणी, काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि तातडीने दवाखाना. ग्लुकागॉनचं (शुगर झटकन वर आणणारं) इंजेक्शन घरात ठेवावं का, तेही डॉक्टरांना विचारा.

सणवार, उपास आणि बाहेरचं खाणं

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने रचली त्याने साबुदाणा मोजला असणार. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ च्या आसपास कार्ब असतात. ६० ग्रॅमची खिचडी केली तर ५२, वर बटाटा आणि दाण्याचं कूट. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी माझ्या शुगरला जरा बरी पडते, पण वरीही मोजूनच. निरंकार उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. टाइप १ असेल तर काही खाल्लं नाही तरी बेसल बंद करायचं नसतं. ताप, उलट्या असतानाही तेच: जेवण नाही म्हणून सगळं इन्शुलिन थांबवलं की रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून माणूस दवाखान्यात जातो. उलट्या थांबत नसतील तर फोन करा, वाट बघू नका.

पुरणपोळीचा हिशेब मी एकदाच बसून केला. वरचं पीठ ३० ग्रॅम, आत हरभऱ्याची डाळ २५ आणि गूळ २५: एकूण ५० च्या पुढे. शिवाय वर तुपाची धार. तूप स्वतः शुगर वाढवत नाही पण पोट रिकामं व्हायला उशीर लावतं, त्यामुळे दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चौथ्या-पाचव्या तासाला चढतो. मिसळ, वडापाव, बिर्याणी, पिझ्झा यांचं तसंच. अशा दिवशी चार तासांनी एकदा जास्त तपासा आणि वहीत खूण करा. डोस दोन भागांत घ्यायचा का, हे डॉक्टर त्या नोंदी बघून सांगतील.

बाहेर काटा नेत नाही. घरी महिनाभर मोजल्यावर डोळा बसतो, हॉटेलातला भात बघून १५० की २०० ग्रॅम ते कळायला लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर पुन्हा काटा काढते, कारण डोळा हळूहळू स्वतःच्या सोयीचं बघायला शिकतो. माझा भात दर वेळी १५-२० ग्रॅमने वाढलेला निघतो.

पुढच्या भेटीला जाताना

प्रमाण बरोबर आहे का हे पाहायला एक सोपी चाचणी: तीन दिवस अगदी तोच नाश्ता, तेवढ्याच ग्रॅमचा. आधीची आणि दोन तासांनंतरची शुगर लिहा, आणि मध्ये काही खाल्लं नसेल तर चार तासांनंतरचीही. जेवणानंतर दोन तासांनी सहसा १८० च्या आत ठेवायचं असतं, तुमचं लक्ष्य वेगळं असेल तर तेच धरा. तिन्ही दिवस चढत असेल किंवा तिन्ही दिवस उतरत असेल तर प्रमाण बदलायला हवं. एकाच दिवशी चढली तर त्या दिवशीचं काहीतरी: झोप, भांडण, पाळी, जुनी सुई, चालणं राहिलं. त्या ओळीपुढे कारण लिहा आणि पुढे चला.

वही घेऊन जा आणि हे विचारा. सकाळचं प्रमाण वेगळं हवं का? (पुष्कळांना पहाटेच्या हार्मोनमुळे नाश्त्याला जास्त इन्शुलिन लागतं. माझं सकाळी ९ ला एक आहे, दुपारी १२ ला एक.) संध्याकाळी तासभर चालणार असेन तर किती कमी करू? अर्ध्या युनिटचं पेन मला उपयोगी पडेल का? झोपताना शुगर किती असली तर काही खाऊन झोपू? उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या, घरी येईपर्यंत निम्मी विसरतात.